शेरा आणि शेर

कविसंमेलन संपले की नवोदिताच्या पदरी बहुधा एक तर 'वा!' पडते, नाही तर मौन. यातून त्याने शिकावे काय? उर्दूत यावर जुना तोडगा आहे. शागिर्दाच्या शेरातील खटकणारा शब्द उस्ताद दाखवतो, सुधारतो. ही 'इस्लाह'. गालिबने ती पत्रांतूनही केली.

मराठीत हा वसा सुरेश भटांनी (१९३२–२००३) चालवला. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपूरकर झालेल्या या कवीने 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि होतकरूंना ती टपालाने धाडली. वृत्त कसे सांभाळावे, काफिया म्हणजे यमक कुठे चुकते, रदीफ कशी निभवावी, हे नियमच त्यांनी लिहिणाऱ्याच्या हाती दिले.

माप उघड असले की टीका बोचली तरी अपमान वाटत नाही. 'तुला जमत नाही' या शेऱ्यावर काय करणार? 'दुसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते' म्हटले, तर त्याच रात्री ती ओळ दुरुस्त करता येते. तालुक्याच्या गावी गुरूविना लिहिणाऱ्या मुलाचे लिहिणे टिकेल की थांबेल, हे अनेकदा एवढ्यावरच ठरते. उद्या कुणी वही पुढे केली, तर निदान एका ओळीवर बोट ठेवून बोलावे.