मिल्नरचा बुल

१ ऑगस्ट २०२४. शातोरूच्या रेंजवर पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी संपली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ऑलिम्पिकचं कांस्य घेऊन उभा राहिला. गुण ४५१.४. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनला, ४६३.६. तो फोटो महाराष्ट्रात घरोघर पाहिला गेला आणि सगळ्यांची नजर साहजिकच स्वप्निलवर होती. माझी मात्र रौप्यपदकवाल्यावर अडकली. युक्रेनचा सेर्ही कुलिश, ४६१.३. तीन वर्षांपूर्वी टोकियोत, याच प्रकारच्या अंतिम फेरीत, या माणसाने दुसऱ्याच्या टार्गेटवर गोळी मारली होती. त्या गोळीचे गुण शून्य, आणि पदकाच्या शर्यतीतला माणूस आठांत आठवा. जाकिटाचं एक बटण लागलेलं नव्हतं, लक्ष तिकडे गेलं, असं त्याने नंतर सांगितलं.

याला क्रॉसफायर म्हणतात, आणि मला या गोळ्यांचं फार वर्षांपासून वेड आहे. साध्या चुकलेल्या गोळीत काही राम नसतो. वारा फिरला, श्वास हलला, ट्रिगर हिसकला, संपलं. क्रॉसफायरच्या गोळीत मात्र हात शाबूत, डोळा शाबूत, वाऱ्याचा अंदाजही बऱ्याचदा अचूक. फक्त टार्गेट परक्याचं. अशा गोळ्यांच्या मागे लागत मी १८७४ सालापर्यंत गेलो आणि तिथेच मुक्काम ठोकला. मिल्नर नावाच्या एका आयरिश माणसाची गोळी तिथे आहे, आणि तिच्याइतकी महागडी क्रॉसफायर मला दुसरी सापडलेली नाही.

आधीचा इतिहास धावतच सांगतो. १८६० साली विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने मारली. व्हिटवर्थ रायफल, ४०० यार्ड, गोळी मध्यापासून सुमारे सव्वा इंचावर. (रायफल लोखंडी घोडीवर नेम धरून आधीच पक्की बसवलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. राज्यकारभारही बराचसा असाच चालतो.) १८७१ मध्ये अमेरिकेची संघटना निघाली, १८७३ मध्ये न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूरची रेंज सुरू झाली. त्याच वर्षी आयर्लंडने विम्बल्डनला इंग्लंड-स्कॉटलंडला हरवून एल्को शील्ड जिंकली. विजयाच्या भरात त्यांचा पुढारी मेजर आर्थर ब्लेनरहॅसेट लीच याने ‘न्यू यॉर्क हेरल्ड’मधून अमेरिकेच्या नेमबाजांना जाहीर आव्हान दिलं.

अमेरिकेकडे तेव्हा हजार यार्डांवर नेम धरणारे लोक जवळपास नव्हते, त्या पल्ल्याच्या रायफलीही नव्हत्या. तरी न्यू यॉर्कच्या अमॅच्युअर रायफल क्लबने आव्हान उचललं. रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कंपन्यांनी खास रायफली बनवून दिल्या, मागून गोळी भरायच्या, म्हणजे ब्रीचलोडर. आयरिश मंडळी आपल्या जॉन रिग्बीच्या मझललोडर घेऊन आली. त्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासायची. रिग्बी स्वतः संघात होता. जुनी पद्धत विरुद्ध नवी, असा सगळा रंग चढला.

२६ सप्टेंबर १८७४, क्रीडमूर. प्रत्येक बाजूला सहा माणसं. ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक पल्ल्यावर प्रत्येकी १५ गोळ्या. टार्गेट लोखंडी पत्र्याचं, बारा फूट रुंद आणि सहा फूट उंच, मध्ये तीन फुटी चौकोनी बुल. बुलला ४ गुण, बाहेरच्या पट्ट्यांना ३ आणि २. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. त्या काळच्या जड शिसाच्या गोळीला तिथवर जायला साधारण तीन सेकंद, पत्र्याचा आवाज परत यायला आणखी पावणेतीन. तेवढा वेळ नेमबाज नुसता वाट बघणार. टार्गेटजवळ आडोशाला बसलेला मार्कर पत्र्यावर उमटलेला शिसाचा डाग बघणार, त्या त्या गुणाची रंगीत चकती वर धरणार आणि डागावर रंग फासून पुढच्या गोळीसाठी पत्रा कोरा करणार.

त्या दिवसाचा गुणतक्ता मी किती वेळा मांडून बसलो असेन याला हिशेब नाही. अमेरिका: फुल्टन १७१, येल १६२, बोडीन १५८, गिल्डरस्लीव्ह १५५, हेपबर्न १४९, डेकिन १३९. बेरीज ९३४. आयर्लंड: रिग्बी १६३, हॅमिल्टन १६०, विल्सन १६०, मिल्नर १५४, जॉन्सन १५०, वॉकर १४४. बेरीज ९३१. एकूण १०८० पैकी फरक तीन गुणांचा. आणि मिल्नरच्या १५४ मध्ये एक शून्य आहे. ती गोळी थेट बुलमध्ये बसली होती, पण भलत्याच टार्गेटच्या. चार गुण गेले. ते धरले असते तर आयर्लंड ९३५, अमेरिका ९३४.

हा सामना अमेरिकेत आजही सांगितला जातो, पण मिल्नरचा म्हणून नव्हे, जॉन बोडीनचा म्हणून. शेवटची गोळी बोडीनची होती. तोवर आयर्लंड ९३१ आणि अमेरिका ९३०, म्हणजे टार्गेट चुकलं की हार. त्याआधीच जिंजर बीअरची बाटली हातात फुटून बोडीनचा हात कापला होता. हाताला रुमाल गुंडाळला, आडवा झाला, हजार यार्डांवर बुल मारला. हजारोंचा जमाव मैदानात घुसला. रक्त, रुमाल, शेवटची गोळी. वार्ताहराला याहून काय हवं? बोडीनच्या धैर्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्याचा बुल विजयाचा ठरला तो मिल्नरचा बुल वाया गेला म्हणून, आणि हे वाक्य बहुतेक वर्णनांत तळटिपेच्या लायकीचं समजलं जातं. मला ते मथळ्याच्या लायकीचं वाटतं.

तक्ता पल्ल्यानुसार मांडला की आणखी एक गंमत दिसते. ८०० यार्डांवर अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७. ९०० वर ३१० आणि ३१२. १००० वर २९८ आणि ३०२. तीनपैकी दोन पल्ले आयर्लंडने जिंकले, आणि तेही लांबचे दोन, जिथे रायफलीचा खरा कस लागतो. नव्या ब्रीचलोडरने जुन्या मझललोडरचा पाडाव केला, अशी त्या दिवसाची ख्याती झाली. तक्ता तसं म्हणत नाही. पुढच्या वर्षी डब्लिनजवळ डॉलीमाउंटला अमेरिकेने पुन्हा, आणि मोठ्या फरकाने, जिंकून वाद मिटवला हे खरं. पण क्रीडमूरला ब्रीचलोडर जिंकली ती मिल्नरच्या मेहेरबानीने. लीचने १८७५ मध्ये या दौऱ्यावर पुस्तक लिहिलं, शिवाय यजमानांना चांदीचा चषकही देऊन टाकला. हरलेल्या कर्णधाराने जिंकणाऱ्यांना चषक द्यावा, ही रीत आता कुठे राहिली?

मार्करच्या जागी स्वतःला बसवून बघा. पत्र्यावर डाग उमटला. कुठे, ते त्याला दिसतं. कोणाचा, ते दिसत नाही. गोळीवर नाव नसतं. ते ठरवायचं तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी नेमबाजांवर डोळा ठेवून बसावं लागतं. नेमबाजीच्या गुणांकनाची सगळी भानगड या दोन टोकांमधल्या अंतरात आहे. लोखंड जाऊन कागद-कापड आलं, चौकोनी बुल जाऊन गोल आला, १८९० मध्ये विम्बल्डनची स्पर्धा बिस्लीला गेली. ही भानगड तशीच राहिली. बिस्लीच्या खंदकात मार्कर चौकट खाली ओढतो, आधीचं भोक चिकटपट्टीने बुजवतो, नव्या भोकात चकती खोचतो, चौकट वर ढकलतो. गुण पटला नाही तर नेमबाजाने पैसे ठेवून आव्हान द्यायचं. बरोबर ठरलं तर पैसे परत.

मग इलेक्ट्रॉनिक टार्गेटं आली. ऑलिम्पिकच्या पन्नास मीटरला ती केव्हाच रुळली. लांब पल्ल्यावर यायला वेळ लागला, आणि ती आली ती भांडणं घेऊनच. तत्त्व साधं आहे. आवाजापेक्षा वेगाने जाणारी गोळी हवेत शंकूच्या आकाराची दाबलहर ओढत नेते. टार्गेटच्या कोपऱ्यांवरचे मायक्रोफोन ती ऐकतात, आणि कोणत्या कोपऱ्याला ती किती आधी पोचली यावरून संगणक गोळीची जागा काढतो. पण अचूकता बघा. एका सेकंदाच्या लाखाव्या भागात आवाज साडेतीन मिलिमीटर जातो. घड्याळ तेवढं चुकलं की बुलच्या कडेवरची गोळी आत किंवा बाहेर. शिवाय आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, एका अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर, त्यामुळे थर्मामीटरही लागतो. वाऱ्याने चौकट हलली, मायक्रोफोनची पकड सैल झाली, की यंत्र बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगतं.

खरी गोम हजार यार्डांवर आहे. ७.६२ मिलिमीटरची १५५ ग्रेनची गोळी नळीतून आवाजाच्या अडीच पटींहून जास्त वेगाने निघते, पण दीडेक सेकंदाने तिथे पोचेपर्यंत पार दमते. वेग आवाजाच्या जेमतेम वर उरतो. काडतूस थोडं मंद भरलेलं असेल, थंडी असेल, तर तो आवाजाच्या खाली जातो. मग दाबलहरच नाही. कापडाला भोक पडलेलं, आणि पडद्यावर काहीच नाही. ‘मी मारली’ असं म्हणणारा नेमबाज आणि ‘आली नाही’ असं म्हणणारं यंत्र, यांत निवाडा करायला शेवटी माणूसच खंदकाकडे जातो.

दुसरा वाद मला जास्त रोचक वाटतो. हजार यार्डांवर ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला दोन मीटरहून जास्त ढकलतो, आणि बुल असतो फक्त २४ इंचांचा. म्हणजे हा खेळ मुळात वारा वाचण्याचा. माणूस चौकट खाली ओढून वर करेपर्यंत वारा बदलायचा. नेमबाजाला दर गोळीला नव्याने विचार करावा लागायचा. यंत्र गुण लगेच दाखवतं, त्यामुळे चांगला वारा मिळाला की त्याच वाऱ्यात धडाधड गोळ्या काढता येतात. म्हणून आता यंत्रांत मुद्दाम काही सेकंदांचा उशीर घालतात. यंत्राला माणसाइतकं संथ करण्यासाठी वेगळी सोय करावी लागली, आणि माझ्या मते ती योग्यच आहे. वारा न वाचता मिळालेला बुल मला अर्धाच वाटतो.

पण मिल्नरच्या चुकीवर यंत्राने काय केलं? उत्तर २२ ऑगस्ट २००४ ला अथेन्समध्ये मिळालं. पन्नास मीटर थ्री पोझिशन, अंतिम फेरीची शेवटची गोळी. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी पुढे होता. ७.२ मारले तरी सुवर्ण. एरवी तो झोपेतही त्याहून बरे मारील. त्याने गोळी मारली आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. यंत्र बिघडलं, असं समजून तो मागे वळला आणि मी मारली, असं पंचांना खुणेने सांगू लागला. पंच जमले, कुजबुज झाली. आणि मग कळलं की शेजारच्या तीन नंबरच्या लेनवर, ऑस्ट्रियाच्या क्रिस्टियन प्लानरच्या टार्गेटवर, दोन गोळ्यांची नोंद आहे. एमन्सची गोळी तिथे ८.१ वर होती. स्वतःच्या टार्गेटवर ८.१ म्हणजे सुवर्ण. इथे शून्य. तो १२५७.४ वर, आठवा. सुवर्ण चीनच्या जिया झानबोला, प्लानरला कांस्य.

एरवी एमन्स आधी टार्गेटवरचा क्रमांक बघायचा आणि मग बुलवर उतरायचा. त्या वेळी स्वतःला शांत करण्याच्या नादात क्रमांक बघितलाच नाही, असं त्याने सांगितलं. मायक्रोफोन, संगणक, दशांश गुण, सगळं निर्दोष चाललं होतं. गोळी कुठे लागली हे यंत्राने चोख सांगितलं. ती कोणाची, हे ठरवायला १८७४ सारखेच चार लोक एकत्र यावे लागले. काही यंत्रणांत आता नेमबाजाजवळही मायक्रोफोन असतो, कोणी केव्हा झाडली हे जुळवायला. त्याने क्रॉसफायर लवकर पकडली जाते, टळत नाही. सतरा वर्षांनी कुलिशने टोकियोत ती पुन्हा केलीच.

चुकीच्या टार्गेटकडे रोख गेला की इशारा देणारं काहीतरी बसवणं आज अवघड नाही. ते बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वारा वाचायचा तसा क्रमांकही नेमबाजानेच वाचायचा. मिल्नरला मिळालेलं शून्य नियमाला धरून होतं. तक्रार नियमाबद्दल नाही, त्या सामन्याचं श्रेय एका रुमालाला देऊन टाकणाऱ्यांबद्दल आहे.

क्रीडमूरच्या मैदानावर आज न्यू यॉर्क राज्याचं मनोरुग्णालय आहे. २००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीने लांब पल्ल्यासाठी काढलेल्या काडतुसाला ६.५ क्रीडमूर नाव दिलं, त्यामुळे ते नाव आता जगभरच्या नेमबाजांच्या तोंडी आहे. लीचच्या चषकासाठी अमेरिकेत अजून स्पर्धा होते. पुढच्या ऑलिम्पिकला थ्री पोझिशनची अंतिम फेरी लागेल तेव्हा पडद्यावरच्या १०.४ आणि ९.८ मध्ये फार गुंतू नका. प्रत्येक टार्गेटवर एक क्रमांक असतो, तोही बघा.