घर्षणाची मर्यादा आणि मोटारीतील सुरक्षा यंत्रणा : वज्रेश्वरी मार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी हे तानसा नदीकाठचे प्रसिद्ध देवस्थान होय. १७३९ च्या वसई विजयानंतर चिमाजी आप्पांच्या नवसपूर्तीशी जोडले गेलेले मंदिर, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आणि शेजारचे गणेशपुरी यांमुळे येथे वर्षभर वाहनांची वर्दळ असते. येण्याचे मुख्य मार्ग दोन : भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडीमार्गे एक, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील शिरसाड फाट्यावरून दुसरा. या मार्गांवर भाविकांच्या मोटारींबरोबरच गोदामांचे कंटेनर, कारखान्यांचे मालट्रक, वीटभट्ट्यांची वाहने, ट्रॅक्टर आणि दुचाक्या धावत असतात. आषाढात भातखाचरांतून निघालेला ट्रॅक्टर चाकांबरोबर चिखलही डांबरावर आणतो.

अशा रस्त्यावर आता अनेक सुरक्षा यंत्रणांनी सज्ज अशा मोटारी येतात. ‘गाडीत एबीएस आहे, म्हणजे गाडी हमखास थांबेल’ हा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. या यंत्रणा प्रत्यक्षात काय करतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू शकत नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चार तळहातांएवढी जागा

मोटार कितीही मोठी असली तरी तिचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्याच जागेत टेकलेला असतो. वेग वाढविणे, थांबणे व वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे बल या चार ठिकाणच्या घर्षणातूनच मिळते. ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबविते ते टायर व रस्ता यांमधील घर्षण.

ब्रेक लावल्यानंतर गाडी जे अंतर कापते ते वेगाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि घर्षणगुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. कोरड्या डांबरासाठी घर्षणगुणांक ०.७ धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सुमारे २० मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यासाठी ०.४ धरल्यास हेच अंतर ३५ मीटर होते, आणि चिखलाच्या थरावर ०.२ धरल्यास ७० मीटरांच्या पुढे जाते. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी १७ मीटर मिळवावे लागतात. पहिल्या पावसात तर रस्त्यावरील तेल व धूळ पाण्यात मिसळून निसरडा लेप तयार होतो. मुसळधार पावसापेक्षा ही पहिली सर अनेकदा अधिक घातक ठरते.

येथे टायरच्या नक्षीचा उल्लेख आवश्यक आहे. नक्षीच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाते आणि रबर रस्त्याला भिडते. भारतीय नियमांनुसार मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी असणे बंधनकारक आहे. झिजलेला टायर साचलेल्या पाण्यावर वेगाने गेल्यास तरंगू लागतो, आणि मग ब्रेक व स्टीअरिंग दोन्ही निरर्थक होतात. गुळगुळीत टायरवर बसविलेली महागडी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ही, स्पष्टच सांगायचे तर, फसवणूक आहे.

एबीएस : थांबविण्यासाठी की वळविण्यासाठी?

ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होते आणि टायर घसरू लागतो. फिरणाऱ्या टायरची पकड घसरणाऱ्या टायरपेक्षा सामान्यतः अधिक असते. चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी असताना ती सर्वाधिक असते. शिवाय जाम झालेले पुढचे चाक वळविले तरी गाडी वळत नाही, ती सरळच जात राहते.

एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा संवेदक असतो. एखादे चाक इतरांपेक्षा फार झपाट्याने मंदावू लागले की नियंत्रक त्या चाकाच्या ब्रेकमधील तेलाचा दाब झडपेद्वारे कमी करतो, आणि चाक पुन्हा फिरू लागताच दाब वाढवितो. ही क्रिया सेकंदाला अनेक वेळा घडते. पायाखाली ब्रेकचे पेडल थरथरते ते यामुळेच. ही थरथर म्हणजे बिघाड असे समजून पाय उचलणारे चालक आहेत. वस्तुतः त्या क्षणी पेडल घट्ट दाबून धरणे आणि गाडी मोकळ्या जागेकडे वळविणे अपेक्षित असते.

बॉश कंपनीची ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम आली. भारतात मोटारींच्या नव्या मॉडेलसाठी ती एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींसाठी एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. तिचा मुख्य लाभ गाडी चालकाच्या ताब्यात राहणे हा आहे. अंतर कमी होणे हा आनुषंगिक, आणि तोही सर्वत्र नाही. सुट्या खडीवर जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढिगारा रचते आणि त्याला अडून थांबते. एबीएस चाक फिरते ठेवते, म्हणून हा ढिगारा होत नाही आणि अंतर उलट वाढू शकते. खड्डे खडीने बुजविलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

आपले विद्यार्थी बहुतांशी दुचाकीवर येतात, म्हणून एक भेद येथेच नोंदवितो. त्याच काळात १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या दुचाक्यांना एबीएस, आणि १२५ सी.सी.पर्यंतच्या दुचाक्यांना एबीएस किंवा सीबीएस यांपैकी एक सक्तीचे झाले. लहान दुचाक्यांत बहुधा सीबीएस आढळते. सीबीएसमध्ये एकच ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक जाम होणे त्याने टळत नाही. नावे सारखी वाटली तरी कार्य निराळे आहे.

कर्षण व स्थिरता नियंत्रण

हे दोन्ही प्रकार एबीएसच्याच संवेदकांवर उभे आहेत. चिखलात एक चाक नुसतेच फिरू लागले की कर्षण नियंत्रण त्या चाकाला ब्रेक लावते किंवा इंजिनाचा जोर कमी करते. स्थिरता नियंत्रण, म्हणजे ईएससी, स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांची तुलना करते. चालकाला हवी ती दिशा आणि गाडीची दिशा यांत तफावत पडली की नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून गाडी ताळ्यावर आणते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळविण्यासाठी ईएससी आवश्यक ठरविली आहे, ती योग्यच होय. परंतु वळणावर वेगच इतका असेल की चारही चाकांची पकड संपली आहे, तर वाटायला काही शिल्लकच उरत नाही.

चालक साहाय्य

एडास नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणा कॅमेरा व रडार यांच्या साहाय्याने पुढील वाहन ओळखतात, चालकाला इशारा देतात आणि प्रसंगी स्वतः ब्रेक लावतात. चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून त्या उपलब्ध झाल्या. मार्गिकेत ठेवणारी यंत्रणा रस्त्यावरील पांढरे पट्टे वाचते. जेथे पट्टे पुसले गेले किंवा चिखलाखाली गेले, तेथे तिला वाचायला काही नसते. दाट पावसात कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते. रात्री दिव्यांविना उभा ट्रक किंवा अचानक आडवे आलेले जनावर यंत्र वेळेत ओळखीलच, असे गृहीत धरता येत नाही. आणि ओळखले तरी ब्रेकचे अंतर वर सांगितलेलेच राहते. वाचतो तो चालकाचा प्रतिक्रियेचा वेळ.

पकड संपल्यानंतर

शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीकडे न वळता त्याच महामार्गाने उत्तरेस गेले की चारोटीजवळ सूर्या नदीवरील पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे मर्सिडीज मोटार पुलाच्या कठड्यावर आदळली आणि टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. पुलाजवळील रस्त्याच्या रचनेवरही त्यानंतर टीका झाली. गाडी मात्र सुरक्षा यंत्रणांच्या बाबतीत अग्रेसर मानली जाणारी होती.

ताशी ६० किलोमीटर वेगाने झालेली धडक ही सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडण्याएवढी असते. पट्टा आणि गाडीचा चेपणारा पुढील भाग मिळून प्रवाशाला समजा अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवितात. तरीही ६० किलो वजनाच्या व्यक्तीवर सरासरी सुमारे १.७ टन वजनाएवढे बल येते. पट्टा नसल्यास शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि पुढच्या आसनावर काही सेंटीमीटरांत थांबते. हे बल हातांनी पेलणे अशक्य आहे, आणि मांडीवरील मूल धरून ठेवणेही.

मागील आसनाचा पट्टा नियमाने फार पूर्वीपासून बंधनकारक आहे. अडचण बहुधा वेगळीच निघते : नवी गाडी घेतल्यावर हौसेने घातलेल्या सीटकव्हरखाली मागील पट्ट्यांची बक्कले दबून गेलेली असतात. ती बाहेर काढण्यासाठी कव्हरला योग्य जागी चीर द्यावी लागते. आणि आसनाच्या बाजूला एअरबॅग असल्यास तेथील कव्हर काढूनच टाकावे लागते, अन्यथा ती उघडताना अडते.