मनोविकारतज्ज्ञ नेमकं करतात काय?

रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण नकोसं होतं, कामात लक्ष लागत नाही. अशा तक्रारी घेऊन माणूस आधी गावातल्या डॉक्टरांकडे जातो. ईसीजी होतो, रक्त तपासलं जातं. काही सापडत नाही. मग घरात कुणीतरी 'बाहेरचं' असेल म्हणतं आणि पावलं भगताकडे वळतात. मनोविकारतज्ज्ञाचं नाव निघेपर्यंत कधी महिने, तर कधी वर्षं गेलेली असतात. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनारपट्टीवर या उशिरात अंतराचीही भर पडते.

हे चित्र फक्त कोकणातलं नाही. २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात दर १०० प्रौढांपैकी सुमारे १० जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. त्यांतले बहुसंख्य उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते.

मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर असतो. एमबीबीएस झाल्यावर तो मानसिक आजारांचं पदव्युत्तर शिक्षण घेतो. त्यामुळे तो आजाराचं निदान करू शकतो आणि औषधंही देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून, विचारांच्या सवयी बदलण्यातून मदत करतात. औषधं मात्र लिहून देत नाहीत. अनेक आजारांत दोन्हींची गरज पडते. पाटीवर 'मानसोपचार' लिहिलेलं असलं, तरी पदवी आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी विचारायला संकोच करू नये.

पहिल्या भेटीत घाबरण्यासारखं काही नसतं. झोप, भूक, काम, नातेसंबंध, व्यसन, घरातले जुने आजार, आयुष्य संपवण्याचे विचार येतात का, अशी चौकशी होते. थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही उदासी आणि थकवा येतो, म्हणून काही वेळा रक्ततपासणी सांगितली जाते. बहुतेक रुग्णांना दाखल व्हावं लागत नाही. ते औषध घेऊन घरी जातात.

सगळ्यात मोठी भीती गोळ्यांची. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. नैराश्यावरच्या औषधांचं मात्र तसं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. एकदम बंद केली, तर त्रास होतो आणि आजार उलटू शकतो.

इथेच किनारपट्टीची अडचण समोर येते. अनेकजण मुंबईच्या डॉक्टरांकडे जातात. पावसाळ्यात मांडव्याच्या प्रवासी लाँच बंद होतात, भेट लांबते आणि गोळ्या संपतात. म्हणून पावसाळ्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषधांची सोय लावून घ्यावी. २०२० च्या नियमांनुसार व्हिडिओवरूनही सल्ला घेता येतो. काही औषधं मात्र त्या पद्धतीने देता येत नाहीत.

जवळचा डॉक्टर शोधायचा, तर सुरुवात अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापासून करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. उपचार मोठ्या मनोरुग्णालयांपुरते न राहता जिल्ह्यात मिळावेत, हा त्याचा हेतू. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूला त्यांची फेरी असते का, हे तिथे विचारावं. फॅमिली डॉक्टर किंवा आशाताईही वाट दाखवू शकतात. 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो. तिथे मराठीत बोलता येतं.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना सरकारी सेवेत मोफत उपचारांचा हक्क आहे.

आजार गंभीर असला, तरी माणूस सावरतो. रायगड जिल्ह्यातच, कर्जतजवळ, डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या घरी पोहोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरदार विसरलेली माणसं उपचारांनी घरी परततात, तर घरातच असलेल्या माणसाला वेळेत डॉक्टरांकडे नेणं नक्कीच शक्य आहे.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, अस्वस्थता किंवा निद्रानाश राहिला, तर थांबू नये. कुणी मरणाची भाषा करत असेल, तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.