गलाथियाची पुळण : एका आडवाटेच्या किनाऱ्याचा मागोवा

ग्रेट निकोबार बेटाच्या आग्नेय अंगाला, इंदिरा पॉइंट या भारताच्या दक्षिण टोकाच्या थोडे अलीकडे, समुद्र आत शिरून एक रुंद बाक तयार करतो. हा गलाथिया बे. बेटाच्या पोटातून दक्षिणेकडे वाहणारी गलाथिया नदी इथे समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी चढाची, जाड वाळूची पुळण आहे. वाळू संपते तिथे मर्यादवेल, तिच्यामागे केवडा आणि उंडी, आणि लगेच सदाहरित जंगलाची भिंत. कोकणातल्या पुळणीवर दिसणाऱ्या होड्या, वाळत टाकलेली जाळी आणि माडांच्या ओळी इथे नाहीत. अक्षांशाने पाहिले तर ही जागा कोलंबोच्याही किंचित दक्षिणेला पडते.

किनाऱ्यापासून फार लांब न जाता इथे पाणी वीस मीटरपेक्षा खोल होते. प्रवाळाचा आडवा बांध नाही, दूरवर पसरलेले उथळ पाणीही नाही. अवजड शरीराच्या लेदरबॅक कासवाला वर चढून यायला असाच किनारा लागतो आणि मोठ्या मालवाहू जहाजांनाही नेमकी हीच खोली हवी असते. गेल्या पन्नास वर्षांत या पुळणीवर जे घडले त्याचा बराचसा उलगडा यातच आहे.

गलाथिया हे नाव डॅनिश लोकांनी आणले. डेन्मार्कने १७५६ मध्ये निकोबार बेटांवर हक्क सांगितला होता. वसाहती उभारायचे प्रयत्न हिवतापाने पुन्हा पुन्हा मोडून काढले. १८४५ मध्ये स्टीन बिले यांच्या नेतृत्वाखाली ‘गलाथिया’ नावाची युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा वाटेत या बेटांची पाहणी करणे हे तिच्या कामांपैकी एक होते. १८४६ मध्ये ती इथे पोहोचली. पुढे ग्रीनलंडच्या अभ्यासासाठी नावाजलेले हिन्रिक रिंक या मोहिमेत भूशास्त्रज्ञ होते. बर्फाच्या प्रदेशात नाव कमावणाऱ्या माणसाची उमेदवारी निकोबारच्या दमट जंगलात झाली, हा योगायोग गमतीचा म्हणावा लागेल. १८६८ मध्ये डेन्मार्कने आपले हक्क ब्रिटिशांना विकले. ब्रिटिशांनीही या टोकाकडे फारसे लक्ष दिले नाही. मागे राहिली ती गलाथिया, अलेक्झांड्रा, डाग्मार ही नद्यांची नावे.

अर्थात या नद्यांच्या काठी माणसे आधीपासून होतीच. आतल्या जंगलात शिकार करणारे आणि केवड्याच्या फळांवर जगणारे शोंपेन, आणि किनाऱ्यावर गावे करून राहणारे निकोबारी. ‘निर्जन किनारा’ हे वर्णन बाहेरून आलेल्यांचे. चिंगेनसारख्या दक्षिणेकडच्या गावांतल्या निकोबाऱ्यांना ही पुळण येण्याजाण्याची, मासेमारीची आणि नारळाची जागा म्हणून माहीत होती. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमाने बेटाचा मोठा भाग राखीव झाला आणि बाहेरच्यांना परवान्याशिवाय तिथे जाणे बंद झाले.

बाहेरच्या माणसाचे पाऊल इथे खऱ्या अर्थाने पडले ते १९६९ नंतर. त्या वर्षापासून १९८० पर्यंत माजी सैनिकांची सुमारे ३३० कुटुंबे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वसवण्यात आली. त्यांत पंजाब, केरळ, तमिळनाडू यांच्याबरोबर महाराष्ट्रातलीही कुटुंबे होती. सीमा सडक संघटनेने ‘यात्रिक’ प्रकल्पातून कॅम्पबेल बेपासून इंदिरा पॉइंटपर्यंत ५१ किलोमीटरचा रस्ता काढला. तेव्हापासून बेटावर ठिकाणांना नावांपेक्षा आकडे चिकटले. शास्त्रीनगर म्हणजे ‘३५ किलोमीटर’, गलाथियाचा किनारा म्हणजे ‘४१ किलोमीटर’. रस्ता जिथे संपतो त्या टोकावर १९७२ मध्ये दीपगृह सुरू झाले. त्या टोकाचे आधीचे नाव पिग्मॅलियन पॉइंट. इंदिरा पॉइंट हे नाव १९८० च्या दशकातले.

रस्ता झाला तरी गर्दी झाली नाही. पोर्ट ब्लेअरहून (आताचे श्री विजयपुरम) कॅम्पबेल बे समुद्रमार्गे सुमारे साडेपाचशे किलोमीटर. वाटेत इतर बेटांना लागत जाणाऱ्या जहाजाला दोन-तीन दिवस लागतात आणि जहाज कधी सुटेल हे हवामान ठरवते. परदेशी पर्यटकांना निकोबार तेव्हा बंदच होते. भारतीयांनाही राखीव भागासाठी परवाना लागे. एवढे सोपस्कार करून पुळणीवर पोहोचल्यावर उतरायला खोली नाही, प्यायच्या पाण्याची सोय नाही आणि नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा वावर. हा किनारा अनेक दशके जसाच्या तसा राहिला, त्यात कायद्याचा वाटा होता, पण अंतराचा त्याहून मोठा होता.

तरीही जे आले ते बहुतेक कासवांसाठी आले. सतीश भास्कर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अंदमान-निकोबारचे किनारे पायी पालथे घातले. सामान थोडे, मुक्काम वाळूवर आणि नोंदी मात्र काटेकोर अशी त्यांची पद्धत. लेदरबॅक भारतात मोठ्या संख्येने घर करते ते या बेटांवर आणि त्यांतही ग्रेट निकोबारच्या दक्षिण भागात, हे अशाच पायपिटीतून पक्के झाले. पुढे वनखात्याने ‘४१ किलोमीटर’ला हंगामी तळ टाकला आणि रात्रीच्या गस्ती सुरू झाल्या.

अशा गस्तीत दिसणारे दृश्य वेळासच्या कासव महोत्सवात रमलेल्या माणसालाही अनोळखी वाटेल. कोकणात येणारे ऑलिव्ह रिडले चाळीस-पन्नास किलोचे असते; लेदरबॅकचे वजन तीनशे ते पाचशे किलो. त्याच्या पाठीवर कवचाच्या ढाली नसतात. काळपट, रबरासारखी कातडी आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने सात कंगोरे. नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा हंगाम. मादी अंधारात पाण्याबाहेर येते आणि पुढच्या दोन्ही वल्ह्यांनी एकाच वेळी जोर लावत, धापा टाकत वर सरकते. सकाळी तिचा माग पाहिला तर रात्री कुणी ट्रॅक्टर समुद्रात नेऊन परत आणला असे वाटावे. वरच्या कोरड्या वाळूत ती आधी अंगाएवढा खळगा करते, मग मागच्या वल्ह्यांनी सुमारे पाऊण मीटर खोल खड्डा खणते. वल्हे आत जाते, पंजासारखे वळते, ओंजळभर वाळू उचलून बाजूला ठेवते. हे सारे ती न बघता करते. ऐंशीच्या आसपास अंडी पडतात. शेवटी शेवटी लहान, बलक नसलेलीही येतात. अंडी घालू लागल्यावर ती सहसा बिचकत नाही, म्हणून मोजमाप त्याच वेळी उरकतात, तेही तांबड्या मंद उजेडात. डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत असते; ते रडणे नव्हे, शरीरातले जादा मीठ बाहेर टाकण्याची सोय. खड्डा बुजवून झाल्यावर ती भोवतालची वाळू इतकी विस्कटते की अंडी नेमकी कुठे आहेत हे सांगणे अवघड व्हावे. नऊ-दहा दिवसांनी ती पुन्हा येते. पिल्ले बाहेर पडायला दोन महिने लागतात.

याच पुळणीच्या मागच्या झाडीत मेगापोड हा कोंबडीएवढा पक्षी राहतो. तो अंडी उबवत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंड्यांना देतो. पिल्लू ढीग उकरून वर येते आणि त्या क्षणापासून स्वतःचे स्वतः बघते.

१९८९ मध्ये ग्रेट निकोबार जीवावरण राखीव क्षेत्र झाले, १९९२ मध्ये गलाथिया राष्ट्रीय उद्यान आणि १९९७ मध्ये खास या उपसागरासाठी गलाथिया बे अभयारण्य. कागदोपत्री संरक्षणाची ही कमान चढतीच होती.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला. ग्रेट निकोबार तिथून जवळ. पाठोपाठ त्सुनामी आली. हंगाम ऐन भरात होता आणि गलाथियाच्या तळावर माणसे होती. संशोधनासाठी आलेल्यांपैकी काही जण वाहून गेले. इंदिरा पॉइंटवरच्या वस्तीतली कुटुंबे गेली. जमीनही खचली, टोकावर सुमारे सव्वाचार मीटर. दीपगृह तेवढे पाण्यात पाय रोवून उभे राहिले. दक्षिणेकडचा रस्ता तुटला. पुळण वाहून गेली आणि किनाऱ्यावरची झाडे खाऱ्या पाण्यात उभ्या उभ्या वाळली. मेगापोडची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली, कारण त्यांचे ढीग किनाऱ्यालगतच होते. वाचलेल्या निकोबाऱ्यांना कॅम्पबेल बेजवळच्या छावण्यांत आणि मग राजीवनगर व न्यू चिंगेन इथे हलवले. सोय तात्पुरती म्हणून केली होती. आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी तेव्हापासूनची आहे.

लाटांनी नवी वाळू आणून पुळण पुन्हा घातली, आधीपेक्षा आत. काही वर्षांत लेदरबॅकही परतले. मधल्या काळात लिटल अंदमानवर उपग्रह-खुणा लावलेल्या माद्या ऑस्ट्रेलियाच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांकडे गेल्याचे दिसले. म्हणजे या बेटांवरच्या कासवांचा संसार अख्ख्या हिंदी महासागरभर पसरलेला आहे.

जानेवारी २०२१ मध्ये गलाथिया बे अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखड्यात हा किनारा महत्त्वाच्या घर करण्याच्या जागांमध्ये मोजला होता; एकाच सरकारच्या या दोन कागदांचा मेळ घालणे कठीण आहे. अधिसूचना रद्द होण्याचे कारण मात्र उघड होते. मलाक्काकडे जाणारा जहाजमार्ग इथून जवळ आहे आणि खोल पाणी किनाऱ्याला लागून. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळालेल्या, त्या वेळच्या अंदाजाने सुमारे ७२ हजार कोटींच्या प्रकल्पात मालाच्या जहाजबदलीचे बंदर गलाथियात, शिवाय विमानतळ, वीज केंद्र आणि नवे शहर आहे. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवायचे आहे. त्याच महिन्यात बेटाच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेली संमती मागे घेतली. राष्ट्रीय हरित लवादापर्यंत प्रकरण गेले.

बंदर एका बाजूला आणि कासवांसाठी नदीमुखाच्या पश्चिमेची पुळण मोकळी, अशी आराखड्याची मांडणी आहे. पण पिल्ले समुद्राची दिशा ओळखतात ती क्षितिजावरच्या उजेडावरून, आणि बंदर रात्रभर उजळलेले असते. पुळण राखली तरी अंधार राखला जात नाही. भरपाई म्हणून शेजारच्या लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी, मेंचाल बेटावर मेगापोडसाठी आणि मेरोवर प्रवाळासाठी २०२२ मध्ये नवी अभयारण्ये जाहीर झाली. तिथल्या निकोबाऱ्यांच्या परंपरेत या बेटांची मालकी आणि त्यांवर कधी जायचे, कधी नाही, याचे नियम आधीपासून ठरलेले आहेत.