गल्लीतला माहितीचा वाणी

आपल्या स्वयंपाकघरात साठवण दोन प्रकारची असते. वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी माळ्यावर. आणि हळद, तिखट, मोहरी, हिंग मिसळणाच्या डब्यात, शेगडीच्या अगदी हाताशी. तेल तापल्यावर मोहरीसाठी कोणी शिडी लावून माळ्यावर चढत नाही. घरातल्या बाईला हे शिकवावे लागत नाही. पण मोठमोठ्या इंजिनियर मंडळींना ते पुरते उमजायला गेल्या शतकाची अखेर उजाडावी लागली!

मी बोलतो आहे ते ‘डेटा सेंटर’विषयी. आपण फोनवर सिनेमा पाहतो, लेकीच्या गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा फोटो न्याहाळतो, आणि हे सारे ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे ढगात असते असे मुले सांगतात. वाचकहो, ढगबिग काही नाही. तो फोटो कुठेतरी जमिनीवर, चार भिंतींच्या आत, वीज खाणाऱ्या नि तापणाऱ्या यंत्रांत ठेवलेला असतो. माहितीचे ते कोठारच म्हणा ना!

हे कोठार दूर असले तर काय बिघडते? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला निदान एक अष्टमांश सेकंद हवाच. हे अंतर किरकोळ वाटेल. पण पडद्यावर एक पान उमटायला अशा कित्येक फेऱ्या लागतात, आणि समुद्रातली तार काही सरळ रेषेत जात नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लुइन यांनी ‘अकामाई’ नावाची कंपनी काढली. तिचा धंदा काय? ज्या मालाला मागणी फार, त्याची एकेक नक्कल गावोगावच्या लहान यंत्रांत ठेवायची. थोडक्यात, मिसळणाचा डबा!

दोन खोल्यांचे कोठार

असा एक डबा डोळ्यांनी पाहावा म्हणून मी एका परिचितांच्या ओळखीने ठाण्यात इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत जाऊन आलो. मनात कारखान्याची कल्पना होती. निघाल्या दोन खोल्या.

“काका, चपला बाहेर काढा. धूळ नको,” तिथल्या तरुण व्यवस्थापकाने सांगितले. देवघरात शिरावे तसा मी आत गेलो.

आत गोदरेजच्या कपाटाएवढे लोखंडी सांगाडे, त्यांत एकावर एक चपटी यंत्रे, पंख्यांचा अखंड घोंघाट आणि कडक गारवा. दुसऱ्या खोलीत बॅटऱ्यांची रांग. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटे तिने सांभाळायची.

“या एका पेटीत तुमचे सिनेमे,” एका यंत्राकडे बोट दाखवून तो म्हणाला.

नेटफ्लिक्स कंपनी २०१२ सालापासून अशा पेट्या निरनिराळ्या गावच्या इंटरनेटवाल्यांकडे ठेवत आली आहे. कोणते चित्रपट जास्त पाहिले जातील याचा अंदाज बांधून, गिऱ्हाइकांची वर्दळ नसते अशा वेळी त्यांत माल भरला जातो. रात्री जेवणे आटोपून शंभर बिऱ्हाडे एकच सिनेमा लावतात, तेव्हा तो सातासमुद्रापलीकडून शंभरदा येत नाही. शेजारच्या खोलीतून येतो.

फायदा केवळ करमणुकीचा नाही. एकेकाळी मुंबईत एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेला निरोप अनेकदा परदेशाची वारी करून येई. दादरच्या काकूंनी माहीमच्या काकूंना पाठवलेली वाटी लंडनमार्गे जावी, त्यातली गत! २००३ साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली आणि देशातल्या देशात देवघेव करण्याची सोय झाली. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट कित्येक दिवस मंदावले होते. लांबच्या तारेवरच सारी भिस्त ठेवली की काय होते, याचा तो धडा होता.

वीज, ऊन आणि पाणी

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या हे दीड टक्का. या बाबतीत लहान कोठार मोठ्याहून उधळे असते, हे कबूल करायला हवे. गूगलच्या प्रचंड कोठारांत यंत्रांना एक युनिट लागले तर गारव्यासकट सारा खर्च सरासरी १.१ युनिटच्या आसपास राहतो. लहान खोल्यांत तोच दीड-दोन युनिटांपर्यंत जातो.

या विजेची शेवटी उष्णता होते. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एक्समथ गावी २०२३ साली या उष्णतेचा मोठा सुरेख उपयोग झाला. ‘डीप ग्रीन’ कंपनीने तिथल्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावाशेजारी कपडे धुण्याच्या यंत्राएवढी एक पेटी बसवली. आतले संगणक तेलात बुडवलेले. ते तापलेले तेल तलावाचे पाणी ऊन करते. विजेचे पैसे कंपनी भरते नि तलावाला ऊब फुकट! पॅरिसच्या २०२४ सालच्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या जलतरण केंद्रालाही शेजारच्या डेटा सेंटरची उष्णता देण्याची योजना झाली.

आपल्याकडे या उबेला गिऱ्हाईक कोण? मुंबईत ती खिडकीबाहेर फेकली जाते आणि मे महिन्यात शेजाऱ्याच्या भिंतीवर आदळते. मात्र रुग्णालये, धोबीखाने, हॉटेलांची मुदपाकखाने यांना गरम पाणी बाराही महिने लागते. त्यांच्या शेजारी अशी कोठारे आली तर दोघांचेही भले होईल असे मला वाटते.

पाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘सँडी’ वादळाने न्यूयॉर्कमध्ये समुद्र शिरला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका इमारतीत जनरेटर वर सुरक्षित होता. पण त्याला डिझेल चढवणारी व्यवस्था तळघरात बुडाली. तिथले कोठार बंद पडू नये म्हणून लोकांनी जिन्यावर साखळी करून सतराव्या मजल्यापर्यंत हातोहात डिझेल वाहून नेले! ज्या शहराने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला, त्याने ही हकीकत विसरू नये.

आणि आग? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे एका मोठ्या डेटा सेंटरची पाच मजली इमारत जळाली. ज्या ग्राहकांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, त्यांचे सर्वस्व गेले. म्हणजे जवळचा डबा पुरेसा नाही; दूरचे कोठारही हवे.

उद्या आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर असे कोठार थाटायचा प्रस्ताव आला, भाडे चांगले मिळते म्हणून सभेत सारेच माना डोलावू लागले, तर चार प्रश्न अवश्य विचारा. पुराचे पाणी कुठवर येते आणि यंत्रे त्याहून किती वर आहेत? डिझेल कुठे साठवणार? जनरेटरचा धूर नि आवाज कोणाच्या शयनगृहाशी येणार? गरम वारा कुठे सोडणार? उत्तरे लेखी घ्या. वाणी गल्लीत आला तर सोय सगळ्यांचीच आहे; फक्त त्याची पोती आपल्या जिन्यात पडणार नाहीत, एवढे आधी ठरवून घ्यावे.