पराभव नेपोलियनचा, मनोरा तंजावरचा

25 ऑक्टोबर 1799च्या तहाने तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी राज्यकारभार इंग्रजांच्या हवाली केला. हाती उरलं ते वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा (सोन्याची नाणी) आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. त्यांनी ओरतनाडचं मुक्तांबा छत्र चालवलं, तिथं वाटसरूंना फुकट जेवण आणि मुलांना शाळा होती. सरस्वती महाल ग्रंथालयातली पोथ्यापुस्तकं या तनख्यातून वाढली. हा पैसा सत्कारणी लागला. पण मल्लिपट्टणमच्या किनाऱ्यावरचा आठ मजली, षट्‌कोनी मनोरा? तो राजांनी बांधला नेपोलियनच्या पाडावाबद्दल इंग्रजांचं कौतुक म्हणून! ज्यांनी राज्य घेतलं, त्यांच्याच विजयाचा स्तंभ, तोही आपल्या तनख्यातून. तमिळ माणूस आजही त्याला मराठी शब्दाने ‘मनोरा’च म्हणतो. 2004च्या त्सुनामीत त्याची पडझड झाली.