पाहुण्या चाहत्यांचे अंधेरीतील खाणेपिणे



फुटबॉलच्या सामन्यासाठी परगावाहून आलेला मनुष्य नव्वद मिनिटे आपला प्रतिस्पर्धी असतो. त्याच्या आधी व नंतर तो पाहुणाच होय. गोवा, केरळ, बंगाल येथील अशी मंडळी २०१६ पासून अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडासंकुलात येत आली आहेत, कारण मुंबई सिटी या संघाने स्वगृहीचे सामने तेथे खेळावयास त्या वर्षी आरंभ केला. यांपैकी कोणी आपणास वाटेत गाठून ‘येथे जेवावयास कोठे मिळेल?’ असे विचारले, तर काय सांगावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न जितका स्थळाचा आहे, तितकाच वेळेचाही आहे. सामना बहुधा सायंकाळी साडेसातला सुरू होतो आणि सुटावयास साडेनऊ वाजतात. पाण्याची बाटलीसुद्धा सहसा आत नेऊ देत नाहीत. सबब दुपार टळताच पोटाला आधार द्यावा आणि खरे जेवण मागून करावे, हे उत्तम.

दुपारच्या या आधारासाठी अंधेरी स्थानकाच्या आसपास उडप्यांची उपाहारगृहे पुष्कळ आहेत. या उपाहारगृहांचा उगम पाहण्यासारखा आहे. मुंबई हे बंदर. येथे पोटासाठी आलेला मनुष्य पुष्कळदा एकटाच असे. त्याच्यासाठी खानावळी निघाल्या, इराण्यांनी चहा व ब्रून-मस्का दिला, आणि माटुंग्याला १९४२ साली रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू झाले. गोव्याच्या खलाशांनी तर गावागावांचे ‘कूड’ काढून राहण्याचीच सोय केली. परक्या संघाचा चाहता हा एका रात्रीपुरता त्याच जातीचा प्रवासी आहे. म्हणून हे शहर त्याला सहज पोसते. केरळीयाला येथे इडली मिळेलच, पण ती खावयास त्याने इतक्या दूर कशाला यावे? त्याला वडापाव द्यावा, मिसळ द्यावी. आणि तिखट सोसत नसेल तर पार्ल्याला एक स्थानक मागे जाऊन साबुदाण्याची खिचडी व पियूष घ्यावयास सांगावे.

मासे खाणाऱ्यांची गोष्ट निराळी. बंगाली व गोमंतकीय गृहस्थ माशांविषयी फार चिकित्सक असतात, आणि ते योग्यही आहे. त्यांना वेसाव्याची वाट दाखवावी. आझादनगरहून मेट्रोने डी. एन. नगर व पुढे वर्सोवा स्थानक. तेथून कोळीवाड्यास रिक्षा करावी लागते. वेसावे हेच मूळ नाव, वर्सोवा हे त्याचे इंग्रजी वळण. भाजलेले बोंबील आणि तळलेली सुरमई यांपुढे पंचतारांकित हॉटेलातील मासा मला तरी फिकाच वाटतो. हिवाळ्यात येथे कोळी मत्स्यमहोत्सव भरत आला आहे. तो साधला तर दुधात साखर.

आता पिण्याविषयी. गोमंतकीयांना गावच्या मोकळ्या तावेर्नांची सवय. आपल्याकडे मात्र दुकानावर ‘परमिट रूम’ अशी पाटी दिसून ते बुचकळ्यात पडतात. या परमिटाचे मूळ १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. बंदी सैल झाली, पण पिणाऱ्याने परवाना बाळगावा हा नियम राहिला. बीयर व वाइन यांसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पुरी असावी लागतात. निवडणूक किंवा २ ऑक्टोबर यांसारख्या दिवशी सारेच बंद. मी स्वतः चहापलीकडे गेलो नाही, तेव्हा अधिक शिफारस करण्याचा मला अधिकार नाही.

पराभूतांची भूक विशेष जपावी. २०२४ च्या उपांत्य फेरीत पहिला सामना गोव्यात ३-२ असा गमावून गोव्याचा संघ अंधेरीस आला आणि येथेही २-० असा हरला. अशा रात्री गोव्याचा चाहता हॉटेलात बसून जेवण्यापेक्षा घर गाठण्याची घाई करतो. मुंबईहून रात्री अकरानंतर सुटणारी कोकणकन्या ठाण्यालाही थांबते. त्यासाठी बोरीबंदरला धावण्याचे कारण नाही. आझादनगरहून मेट्रोने घाटकोपर व तेथून लोकलने ठाणे गाठावे. मेट्रोत चढण्यापूर्वी चार बटाटेवडे व पाव बांधून घ्यावेत, लसणीची चटणी मात्र निराळ्या कागदात.